बाईसाहेबांचा पाय

बशीत तीनशे बारा अळ्या होत्या. ओल्या कुंचल्याने दहा-दहाचे पुंजके करत मी त्या मोजल्या. शेवटच्या दोघी एकमेकींना इतक्या चिकटल्या होत्या की आधी मी तीनशे अकराच म्हटलं होतं. प्रत्येक अळी जेमतेम दोन मिलिमीटरची, शिजलेल्या भाताच्या कणीपेक्षाही बारीक. त्या ज्या अंड्यांतून निघाल्या, त्यांपैकी वीस अंडी धुऊन मी आदल्या दिवशी एका वेगळ्या थाळीत, जिवाणूंच्या आवडीच्या जेलीवर ठेवली होती. त्या थाळीवर काहीही उगवलं नव्हतं. म्हणजे अळ्या निर्जंतुक होत्या. आमच्या घरातल्या कोणाच्याही हातांपेक्षा स्वच्छ.

"माशी, झालं का तुझं?" ताईने दारातून विचारलं.

ताई त्या खोलीत कधी येत नाही. माश्यांनी अंडी घालावीत म्हणून मी पिंजऱ्यात कलेजीचा तुकडा ठेवते आणि दुपारपर्यंत त्याचा वास बाहेर औषधांच्या कपाटापर्यंत पोचतो. दवाखाना ताईचा आहे, पाटीवर नाव ताईचं आहे, आणि मागची खोली, जिथे पूर्वी रिकामी खोकी टाकत, ती माझी आहे. ताई जनावरांची डॉक्टर झाली. तिच्या मागून मी कीटकशास्त्र शिकले. घरात कुणाला शिंक आली तरी ताईला हाक जाते, माणसाची शिंक असली तरी. झुरळ निघालं की मला. 'माशी' हे नाव मला बाबांनी दिलं आणि सगळ्यांनी ते इतक्या आनंदाने उचललं की खरं नाव आता फक्त पदवीच्या कागदावर उरलंय.

"झालं," मी म्हटलं. "तीनशे बारा."

"बरं. पण एक लक्षात ठेव. शुक्रवारी मी मोजणार."

मोजायची होती ती घोडेवाल्या काकांच्या घोडीची जखम. काका बागेत लहान मुलांना घोड्यावरून फेरी मारतात आणि सुट्टीच्या दिवशी छोटी रंगीत गाडी जोडतात. घोडी एकच, पांढरी, वयस्कर, नाव बाईसाहेब. तारेत अडकून तिच्या पुढच्या डाव्या पायाला, घोट्याच्या खाली, जखम झाली होती. ती बरी व्हायची सोडून आतून सडत गेली. ताईने सगळी औषधं करून पाहिली होती. मी पारदर्शक कागदावर जखमेची कड गिरवून चौकोन मोजले होते: जखम पंचेचाळीस चौरस सेंटीमीटर, त्यातलं मेलेलं मांस एकतीस. त्याच्या खाली कंडरा, स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. मेलेलं मांस तिला इतकं चिकटून होतं की सुरी घातली तर जिवंत भागही कापला जाणार. अळीचं तसं नसतं. ती मेलेलं तेवढंच विरघळवून पिते, जिवंत मांसाला तोंड लावत नाही.

"मेलेलं मांस पाच चौरस सेंटीमीटरच्या आत आणून दे," ताई म्हणाली होती, "मग उरलेलं मी साफ करते आणि पाय वाचवते. नाही आलं, तर मी तिला आणखी तडफडू देणार नाही. एक इंजेक्शन, आणि संपलं."

हे तिने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. काकांना तिने वेगळ्या शब्दांत सांगितलं, त्यांचा हात धरून. काका तिच्याकडे देवाकडे बघावं तसे बघत होते. मी तिथेच, दोन फुटांवर, कागदावरचे चौकोन मोजत बसले होते. काकांनी जाताना तिला वाकून नमस्कार केला आणि मला म्हणाले, "येतो हं, धाकट्या मॅडम." माझ्यात आणि ताईत अडीच वर्षांचं अंतर आहे. ते दर वेळी कुणीतरी नव्याने मोजून दाखवतं.

म्हणून ती घोडी मला वाचायला हवी होती. तिच्यासाठी तर हवीच होती. पण एकदा, एकदाच, कुणीतरी विचारावं, 'हे कोणी केलं?' आणि उत्तर ताई नसावं, यासाठीही हवी होती.

काकांचं घर गल्लीच्या टोकाला. मागे पत्र्याची शेड, शेडमध्ये अर्ध्या भागात बाईसाहेब आणि अर्ध्या भागात गाडी. गाडीला नवा रंग चालला होता. चाकं काढून भिंतीला टेकवलेली, रंगाचे डबे, कुंचले, डोळ्यांत जाणारा वास.

"घोडी आजारी आणि ह्यांना गाडी रंगवायचं सुचतंय," काकू म्हणाल्या. त्या आमच्यासाठी पाण्याचे पेले घेऊन आल्या होत्या. "म्हणे तिला बरं वाटलं की नव्या गाडीला जोडीन. लग्नाला इतकी वर्षं झाली, घराच्या भिंतीला कधी रंग नाही मिळाला. सवतीच्या गाडीला दोन-दोन हात!"

"तू जरा गप बस," काका म्हणाले.

"का? तिला ऐकू जातंय की काय? जाऊ दे. कान तर माझ्यापेक्षा मोठे आहेत."

ताई हसली. मी खाली बसून पाय उचलायला गेले तर बाईसाहेबांनी सगळा भार त्याच पायावर टाकला. दुखत असूनही. ताईने प्रयत्न केला, तिलाही दिला नाही.

"नाही द्यायची," काका म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात चिंतेपेक्षा दुसरंच काहीतरी जास्त होतं. "नाल ठोकणाऱ्यालासुद्धा देत नाही. मी लागतो." ते घोडीजवळ गेले, दोन बोटं तिच्या गुडघ्यामागे टेकवली आणि जिभेने हलकेच 'टक' असा आवाज केला. पाय उचलला गेला, अलगद, एखाद्या थोरामोठ्या बाईने बांगड्या भरायला हात पुढे करावा तसा.

मी जखमेच्या कडेला जाड मलम लावलं, अळ्या सोडल्या, वरून बारीक जाळी चिकटवली, जाळीवर ओलसर कापडाची घडी. अळ्यांना हवा लागते आणि ओल लागते. एवढंच.

"डॉक्टरीणबाई," काका ताईला म्हणाले, "आयुष्यभर मी जखमेतले किडे काढत आलो. आता तुम्ही घालताय."

"मी नाही घालत काका, ही घालतेय."

"हो, पण तुम्ही सांगितलंत म्हणून."

मी पट्टीचा शेवटचा वेढा जरा जास्तच ओढला असावा. बाईसाहेबांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

रोज सकाळ-संध्याकाळ जाऊन मी घडीवर मिठाचं पाणी घालणार होते. आतली जाळी उघडायची नाही, हा माझाच नियम. पहिल्या दिवशी संध्याकाळी काकांनी पाय धरला. दुसऱ्या दिवशी सकाळीही. या वेळात मी घोडीशी बोलत होते. मला जनावरांशी बोलायची सवय नाही, माझी जनावरं मोजेपर्यंत मोठी होतात. पण तिला सांगत होते की आत काय चाललंय, अळ्या किती मिलिमीटर झाल्या असतील, त्या कशा तोंडातून रस सोडतात. त्याच दिवशी, मंगळवारी, संध्याकाळी काका रंगाचे हात पुसत यायच्या आधीच मी बसले, गुडघ्यामागे दोन बोटं टेकवली आणि जीभ टाळूला लावून 'टक' केलं.

बाईसाहेबांनी पाय दिला.

खुराचं ओझं माझ्या मांडीवर आलं. गरम, जड, विश्वासाने टाकलेलं. मी वर बघितलं तर काका दारात उभे होते.

"बघा काका!" मी म्हटलं. "मला दिला!"

"हं," काका म्हणाले.

"ताईला दिला नव्हता."

"हं."

ते पुन्हा चाकाकडे गेले. घरी जाताना मी ते तीन वेळा मनात उगाळलं. ताईला दिला नव्हता. वाटेत ताईची गाडी समोरून जाताना दिसली; ती वेदनाशामक टोचायला काकांकडे निघाली होती. तिने हात हलवला. मीही हलवला, राणीसारखा.

तिसऱ्या दिवशी मी घातलेलं पाणी घडीवरून थेंब होऊन ओघळलं. मला वाटलं, कापड आधीच भिजलेलं आहे.

गुरुवारी सकाळी तीन दिवस भरले, तेव्हा जाळी उघडली. आत काहीही हललं नाही.

मी चिमट्याने एक-एक काढून मोजल्या. तीनशे बारा. सगळ्या मेलेल्या. मेलेलं मांस सत्तावीस चौरस सेंटीमीटर उरलं होतं आणि उघड्या जखमेची कड लालभडक चिडलेली. काकू "अगं बाई" म्हणून पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. काका गाडीच्या चाकाला तिसरा हात देत होते. त्यांनी वळूनही बघितलं नाही. मला ते तेव्हा दुःख वाटलं.

अळ्या दवाखान्यात आणून मी त्यांची लांबी मोजली. अळीची लांबी म्हणजे तिचं वय; किती उबेत किती वाढते याचे आकडे मला पाठ आहेत. गुरुवारपर्यंत जगल्या असत्या तर दहा मिलिमीटर भरल्या असत्या. या साडेपाचवर थांबल्या होत्या. म्हणजे मेल्या मंगळवारी, संध्याकाळी किंवा त्यानंतर लगेच. मंगळवारी संध्याकाळी मी तिथून निघाल्यावर तिथे कोण गेलं होतं?

ताई एका मांजराचं तोंड उघडून दात बघत होती. मी मांजर जायची वाट पाहिली नाही.

"तू मंगळवारी जखमेवर आयोडीन घातलंस."

"काय?"

"घातलंस. सवयीने म्हण हवं तर. पण घातलंस. सगळ्या मेल्या. मंगळवारीच मेल्या, माझ्याकडे पुरावा आहे. तुला बघवलं नाही, की एक काम, एवढंसं एक काम, माझ्यामुळे..."

मांजराची मालकीण भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्यात खूप रस घेऊ लागली. ताईने मांजराचं तोंड मिटलं.

"माशी, मी पट्टीला हात लावला नाही. मानेत इंजेक्शन दिलं आणि निघाले. सकाळपासून सव्वीस जनावरं बघितली होती." ती चिडली नव्हती, हे सगळ्यात वाईट होतं. "तुझा हेवा करायला तरी मला वेळ हवा ना ग."

इतकी वर्षं मी तिच्याविषयी जे मनात बाळगत आले त्याच्या बदल्यात तिच्या मनात माझ्याविषयी तसलं काही थोडंसं असेल, अशी माझी, काय म्हणू, एक आशा होती. तिच्याकडे काहीच निघालं नाही.

"पुरावा आहे म्हणतेस तर नीट बघ तो," ती म्हणाली आणि मांजराकडे वळली.

मी खोलीत गेले. काढलेलं कापड प्लास्टिकच्या पिशवीत बंद होतं. पिशवी उघडून नाक घातलं. आयोडीन नाही. झोंबणारा, ओळखीचा, रंगाच्या दुकानातला वास. टर्पेंटाइन. शेडमध्ये सगळीकडे तोच वास असल्यामुळे तो मला तिथे आलाच नव्हता. कापड तेलकट होतं, म्हणून पाणी ओघळलं होतं. मंगळवारी संध्याकाळी तिथे कोण गेलं होतं, हा प्रश्नच मी चुकीचा विचारला होता. तिथे जो राहतोच, त्याला तिथे जावं कुठे लागतं?

काका शेडमध्ये उपड्या बादलीवर बसले होते. मी काही बोलायच्या आत काकूच म्हणाल्या, "सांगा आता. मला नका सांगू, मला वास कळतो. त्या पोरीला सांगा."

"जखमेत किडा दिसला की टर्पेंटाइनचा बोळा घालायचा," काका जमिनीकडे बघत म्हणाले. "माझ्या बापाने हेच शिकवलंय. हाताला सवय."

"हाताची सवय असती तर पहिल्याच दिवशी घातला असतात," मी म्हटलं. "दोन दिवस थांबलात."

काकांनी बादलीच्या कडेचा सुकलेला रंग नखाने खरवडला. बाईसाहेबांनी शेपटी हलवली.

"तुम्ही 'टक' केलंत," ते शेवटी म्हणाले. "आणि हिने पाय दिला."

"मग?"

"मग काय! अठरा वर्षं झाली. पहिलं वर्ष हिने मलाही दिला नव्हता, लाथा घातल्यान. ही बरगडी बघा. आणि तुम्ही दोन दिवसांत... जखम झाल्यापासून रोज मीच धूत होतो. मग तुम्ही आलात. म्हणालात, काका, हात लावू नका. बरं. नाही लावला. तुमचे किडे करतील. बरं. करू देत. पण पायसुद्धा तुम्हालाच? मग मी कशाला? चाक रंगवायला?" त्यांनी बाही डोळ्यांवरून फिरवली, गालाला लाल रंग लागला. "तिला आग झाली असणार हो. तरी तिने पाय हलवला नाही. मी धरला होता ना."

"बायकोसाठी कधी एवढं जळला नाहीत," काकू म्हणाल्या, पण हळू.

मला काकांवर ओरडायचं होतं. तीनशे बारा. ताईपुढे झालेली माझी शोभा. पण ते जे सांगत होते ते मला शब्द न शब्द पाठ होतं. 'मग मी कशाला?' हे वाक्य मी त्या मागच्या खोलीत माश्यांना कितीदा ऐकवलंय. फक्त माझ्या हाताशी टर्पेंटाइन नव्हतं, आणि असतं तर, हे मी पुढे मोजत गेले नाही.

त्या सकाळी पिंजऱ्यात माश्यांनी नवी अंडी घातली होती. धुऊन उबवली तर शुक्रवारी सोडता आली असती. पण मग मला तीन दिवस हवे होते आणि शेडमध्ये कुणाचाही हात आड येता कामा नये होता. हात आड येऊ नये याचा एकच खात्रीचा मार्ग मला दिसत होता आणि तो मला अजिबात आवडत नव्हता. तो पाय पुन्हा माझ्या मांडीवर आला नसता.

"काका," मी म्हटलं, "आज दिवसभर जखम मिठाच्या पाण्याने धुवायची. तेलाचा मागमूस राहता कामा नये. तुम्ही धुवायची. उद्या मी अळ्या आणते. तुम्ही सोडायच्या."

"मी?"

"कुंचला धरता येतो ना? रंग तर झकास देताय."

ताईकडून मी सोमवारपर्यंतची मुदत मागितली. "दिली," ती म्हणाली. "पुढे नाही, माशी." टर्पेंटाइनचं मी सांगितलं, आणि आयोडीनचं चुकले असंही सांगितलं. ती म्हणाली, "जेवलीस का?"

शुक्रवारी दोनशे ऐंशी अळ्या होत्या. काकांनी चष्मा लावला, श्वास रोखला आणि कुंचल्याच्या टोकावरून त्या जखमेत उतरवल्या. काकू जोरात मोजत होत्या. मध्ये एकदा चुकल्या, तेव्हा काका म्हणाले, "एकशे चाळीस झाल्या, चाळीस नव्हे. सवतीचे लाड म्हणून कमी मोजतेस काय?" पाण्याचं काम त्यांच्याकडे. मी दिवसातून एकदा जायचे आणि दारात उभी राहायचे. दोन बोटं, 'टक', पाय वर. बाईसाहेबांनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. अठरा वर्षांपुढे दोन दिवस. आकड्यांबद्दल माझी तक्रार नव्हती. तरी पाय वर गेला की मी बाहेर बघायचे.

"हलतायत," काका रोज सांगायचे. "आमच्या जाड झाल्या हो, मॅडम."

आमच्या. 'धाकट्या' तेवढं गळलं होतं, पण त्याच्या जागी 'आमच्या' आलं होतं.

सोमवारी ताई आली. तिच्या बॅगेत वरच्याच कप्प्यात ते इंजेक्शन होतं, मला माहीत होतं आणि काकांनाही. त्यांनी सकाळीच बाईसाहेबांना खरारा करून ठेवला होता, मानेवरचे केससुद्धा विंचरलेले. गाडीची चाकं बसवून झाली होती. काकू घोडीच्या गळ्यावर हात ठेवून उभ्या होत्या.

काकांनी पाय धरला. मी जाळी सोडली. बोटाच्या पेरभर लांब, पिवळट, गलेलठ्ठ अळ्या भांड्यात पडत गेल्या.

"हे कोणी केलं?" ताईने विचारलं.

माझा चिमटा थांबला. प्रश्न अखेर आला होता, अगदी माझ्या शब्दांत, माझ्या कानाशी.

"मी केलं," काका म्हणाले. त्यांचा ऊर भरून आला होता. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ओशाळून म्हणाले, "म्हणजे, हिच्या अळ्या. हात माझा."

"छान केलंत हो काका," ताई म्हणाली.

मी जखम धुतली. पारदर्शक कागद तिच्यावर ठेवला आणि बारीक पेनाने आधी बाहेरची कड गिरवली, मग मेलेल्या मांसाची. हात स्थिर होता. मग उजेडात नेऊन चौकोन मोजले. ताई मागे उभी होती. काकांनी पाय अजून खाली ठेवला नव्हता. मी एकदा मोजलं, आणि कुणी काही म्हणायच्या आत पुन्हा एकदा मोजलं.

सोडलेल्या अळ्या दोनशे ऐंशी, परत मिळालेल्या दोनशे एकोणऐंशी. जखम एकूण एक्केचाळीस चौरस सेंटीमीटर. मेलेलं मांस साडेतीन.